थायलंडमधील आमचा संसार

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील महिला सत्रात केलेले भाषण)



परदेशी राहणाऱ्या भगिनींपैकी कोणी तरी तेथील संसाराविषयी चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची इच्छा होती, आणि मी यंदा सुट्टीसाठी आलेली असल्यामुळे ती माळ माझ्या गळ्यात पडली. विलायत-अमेरिकेविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. मी ज्या देशातून आले तो त्या मानाने शेजारचाच. मुंबईहून विमानाने चार-साडेचार तासांचा प्रवास आणि घड्याळात दीड तासाचा फरक. तरीही तेथील परदेशी कुटुंबाची स्थिती अमेरिकेतील कुटुंबाहून अगदी निराळी आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या पत्रकात एका मुलापुढे ‘थायलंडमध्ये स्थायिक’ असे छापलेले मी परवाच वाचले. मला बोलावयाचे आहे ते या ‘स्थायिक’ शब्दाविषयीच.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी शाळेत या देशाचे नाव ‘सयाम’ असे पाठ केले होते. १९३९ साली ते बदलून थायलंड झाले. तेथे भारतीय माणूस नवा नव्हे. बँकॉकच्या फाहुरात पेठेत शीख व्यापाऱ्यांची कापडाची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. सीलोम रस्त्यावर तमिळ लोकांनी बांधलेले मारिअम्मनचे देऊळ आहे. १९६९ साली बिर्ला उद्योगसमूहाने तेथे सुताचा कारखाना काढला आणि त्यानंतर अभियंते, रसायनज्ञ, हिशेबनीस अशी नोकरदार मंडळी जाऊ लागली. आम्ही याच शेवटच्या वर्गातले. माझे यजमान तेथे एका कारखान्यात आहेत आणि मी २००३ साली, लग्नानंतर, तेथे गेले. कन्येचा जन्म २००६ चा, चिरंजीवांचा २०११ चा; दोघेही बँकॉकचेच.

प्रथम तेथील गोड भाग सांगते, कारण तो खरोखरच गोड आहे. मराठी माणसाला त्या देशात पदोपदी ओळखीच्या खुणा भेटतात. टेलिफोनला थाई लोक ‘थोरसप’ म्हणतात, म्हणजे दूरशब्द. सरकार म्हणजे ‘रत्थबान’, राष्ट्रपाल. मंगळवारचे नाव ‘अंगखान’. आपल्या अंगारकीची आठवण व्हावी असे. शाकाहाराला शब्द आहे ‘मांग्सविरात’, आणि त्यात मांसविरती सरळ दिसते. घड्याळाला ‘नालिका’ म्हणतात. तो पाली ‘नाळिका’ शब्द असून त्याच्या लेखनात आपल्या ‘ळ’चे स्वतंत्र अक्षर आजही टिकून आहे. उच्चार मात्र साधा ‘ल’ होतो. हिंदीला जे जमले नाही ते थाई लिपीने जपले, याचे मला एक संस्कृतची शिक्षिका या नात्याने कौतुक वाटते. एप्रिलच्या १३ तारखेला त्यांचा नववर्षाचा सण ‘सोंगक्रान’ येतो, म्हणजे संक्रान्तच; त्या दिवशी वडील माणसांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून त्यांचा आशीर्वाद घेतात. त्यांच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच, केळीच्या खांबाच्या चकतीवर पाने दुमडून, फुले आणि मेणबत्ती ठेवून ते दिवे पाण्यात सोडतात आणि ‘खोंगखा’ मातेची क्षमा मागतात. ही खोंगखा म्हणजे आपली गंगा, हे मी निराळे सांगावयास नको. कार्तिकात नदीत दिवे सोडणाऱ्या सासूबाईंना त्या रात्री बँकॉक परके वाटले नाही.

स्वयंपाकघराचे म्हणाल तर नारळ, केळीची पाने, ओली हळद, कैरी यांची वाण नाही. डाळी फाहुरातला मिळतात. फेत्चबुरी गावाचा ताडगूळ चांगला असतो. त्याची पुरणपोळी निराळ्या वासाची पण खाण्याजोगी होते. बाहेर खाताना मात्र शाकाहारी माणसाने सावध असावे, कारण ‘नाम प्ला’ नावाचे माशाचे पाणी तेथे मिठाच्या जागी वापरतात आणि भाजीतही ते असते. साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमारास तेथील चिनी वंशाच्या लोकांचे नऊ दिवसांचे ‘चे’ व्रत येते. त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. पिवळी निशाणे लावलेल्या गाड्यांवर ते नऊ दिवस निर्धास्तपणे जेवावे.

आता मुलांकडे वळते. आमची दोन्ही मुले प्रथम थाई बालवाडीत गेली. तेथे प्रत्येक मुलाला एक लहानसे हाक मारण्याचे नाव असते. आमच्या मुलीचे चार अक्षरी नाव बाईंना पेलेना, तेव्हा त्यांनी तिला ‘नोक’, म्हणजे पाखरू, म्हणावयास सुरुवात केली. सासूबाईंना हे नाव मुळीच रुचले नाही. पण शेजारपाजारच्या साऱ्या गल्लीत ती आजही नोकच आहे. सकाळी आठ वाजता झेंडावंदन आणि राष्ट्रगीत, बूट वर्गाबाहेर, मोठ्यांना दोन्ही हात जोडून ‘वाय’, कोणाच्या डोक्याला हात लावावयाचा नाही, पाय कोणाकडे करावयाचे नाहीत. यातले काहीही आम्हाला घरी निराळे शिकवावे लागले नाही.

त्या शाळेतील एक समारंभ मी विशेष सांगते. जून महिन्यात एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ होतो. ‘ख्रू’ म्हणजे गुरू, आणि तेथेही गुरुवार हा बृहस्पतीचाच वार. मुले रांगेने गुडघ्यांवर बसून शिक्षकांना नमस्कार करतात व हातातील फुलांचे तबक अर्पण करतात. त्या तबकात तीन वस्तू ठेवण्याची परंपरा आहे: टोकदार कळ्यांचे एक लाल फूल, वांग्याचे फूल आणि एक प्रकारचे गवत. टोकदार फूल बुद्धी तीक्ष्ण व्हावी म्हणून. वांग्याचे फूल खाली मान घालून असते म्हणून नम्रतेसाठी. आणि गवत तुडविले तरी पुन्हा फुटते म्हणून चिकाटीसाठी. ते गवत घेऊन या असा शाळेतून निरोप आला, तेव्हा मी शेजारच्या बाईंना विचारले. त्यांनी कुंपणाजवळून उपटून माझ्या हातात दिले ते काय, तर दूर्वा! गणपतीला रोज वाहावयाच्या दूर्वा मी त्या दिवसापर्यंत त्या शहरात कोठे शोधल्याच नव्हत्या. त्या दारातच होत्या.

या शेजारच्या बाई म्हणजे आमच्या मुलांच्या ‘पा’. आईबापांहून वडील असलेल्या स्त्रीला तिकडे ‘पा’ म्हणतात. २०११ च्या महापुरात उत्तर बँकॉक पाण्याखाली गेले, दुकानांतून पिण्याचे पाणी नाहीसे झाले, तेव्हा माझे दिवस भरत आले होते. पांनी आपल्या घरासाठी आणलेल्या वाळूच्या पोत्यांतली निम्मी आमच्या दाराशी रचविली आणि बाळंतपणानंतर महिनाभर मुलीला आपल्याकडे जेवू घातले. सख्खी आत्या याहून काय करती?

परंतु या प्रेमाला कायद्याचा आधार नाही, हा माझ्या भाषणाचा दुसरा भाग.

थाई भाषेत भारतीय माणसाला ‘खॅक’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ पाहुणा. बोलण्यात तो कधी साधा असतो, कधी हेटाळणीचा. आमच्या मुलाला एका शाळेत तो हेटाळणीनेच ऐकावा लागला. पण कायद्याच्या दृष्टीने तो तंतोतंत खरा आहे. परदेशी माणसाला तेथे, काही अपवाद सोडता, जमीन घेता येत नाही. बहुमजली इमारतीतील सदनिका घेता येते, तीही त्या इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच परदेशीयांच्या नावे होऊ शकते. केस कापणे, फेरीने माल विकणे, प्रवाशांना वाट दाखविणे अशी कामे थाई लोकांसाठी राखून ठेवलेली आहेत. यजमानांच्या नोकरीवर आमचा परवाना अवलंबून, आणि तो दर वर्षी वाढवून घ्यावा लागतो. त्या परवान्यावर पत्नीला स्वतंत्र अनुमतीवाचून नोकरी करता येत नाही. मी येथे माध्यमिक शाळेत सात वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवीत होते. तेथे गेल्यापासून मी गृहिणी आहे. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे दर ९० दिवसांनी आपण कोठे राहतो हे कळवावे लागते. विसरल्यास २,००० बाथ दंड. देशाबाहेर जावयाचे तर परत येण्याची अनुमती आधी काढावयाची, नाही तर वर्षाचा परवानाच रद्द होतो. सासरे गेल्याचा फोन मध्यरात्री आला तेव्हा आमच्या पासपोर्टांवर ही अनुमती होती म्हणून आम्ही पहाटेच्या विमानाने निघू शकलो. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने ती नेहमी काढून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हे सर्व आम्ही पत्करून गेलो होतो. मुलांनी काही पत्करले नव्हते. १९१३ च्या थाई कायद्याने त्या भूमीवर जन्मलेल्या मुलास नागरिकत्व मिळत असे. फाहुरातमधील जुनी घराणी त्यामुळे थाई झाली. १९७२ नंतर ती वाट अरुंद होत गेली, आणि आमच्यासारख्या तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्यांच्या मुलांना केवळ जन्मामुळे तेथील नागरिकत्व आता मिळत नाही. जन्माची नोंद १५ दिवसांत तेथील कचेरीत करावयाची, आणि वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत. ही दुसरी नोंद लांबणीवर टाकू नये. तेथील दाखल्यावर बुद्धाचे वर्ष असते. आमच्या कन्येचा जन्म त्यानुसार २५४९ सालचा! येथील एका कचेरीत तो दाखला पाहून कारकुनाने तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले. दाखल्याचे प्रमाणित भाषांतर जवळ असावे ते यासाठी.

आणि आईबापांच्या परवान्यावर मुलाला राहता येते ते केवळ वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत. त्यापुढे त्याने विद्यार्थी म्हणून किंवा नोकर म्हणून स्वतःचा परवाना मिळवावा, नाही तर देश सोडावा. कायम रहिवासाची सोय आहे, पण एका देशाच्या लोकांना वर्षाकाठी १०० इतक्याच जागा. आमची कन्या येत्या वर्षी वीस वर्षांची होईल. ती स्वप्ने थाईत पाहते. रस्त्यावरच्या भाजीवालीशी बोलताना तिचा चेहरा दिसला नाही तर ती परकी आहे हे कोणी ओळखणार नाही.

तिने मराठी कसे राखले हेही सांगते, कारण सभेपूर्वी दोन-तीन भगिनींनी ते विचारले. थाई उच्चारात ‘ग’ आणि ‘घ’ नाहीत, त्यामुळे लहानपणी दोन्ही मुले ‘घर’ला ‘खर’ आणि ‘गणपती’ला ‘कनपती’ म्हणत. शब्दाच्या अखेरचा ‘ल’ तिकडे ‘न’ होतो. म्हणून ‘फूल’चे ‘फून’. पण त्यांची वर्णमाला आपल्याच क्रमाची, क-वर्ग, च-वर्ग अशी आहे. मी दोन्ही लिप्या शेजारी शेजारी लिहून अक्षरे शिकविली आणि मुलांना तो खेळ वाटला. नात्यांत मात्र फार गोंधळ होई. थाईत बापाची आई ‘या’ आणि आईची आई ‘याय’; मराठीत दोघीही ‘आजी’. “मग तुम्ही कोणत्या आजीविषयी बोलता हे कळते कसे?” असे मुलीने मला विचारले. काका आणि मामा तिला त्या मानाने लवकर उमगले. दर शनिवारी आम्ही चार मराठी घरच्या आया मुलांना घेऊन बसतो आणि रोज संध्याकाळी आजीशी फोनवर बोलणे सक्तीचे आहे. पुस्तकांपेक्षा या फोनाचा उपयोग अधिक झाला. आजीला थाई येत नाही, हे आमचे भाग्य.

असे असता गेल्या वर्षी तिच्या पदवीच्या प्रवेशासाठी आम्ही महाराष्ट्रात चौकशी केली. राज्याच्या अधिवासासाठी साधारणतः १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. तिची सगळी वर्षे बँकॉकची. भारताचा पासपोर्ट असूनही तिला सांगण्यात आले की, अनिवासी भारतीयांसाठी राखून ठेवलेल्या जागांसाठी अर्ज करा. त्या जागांची फी आमच्यासारख्या पगारदारांना जड आहे. नोक तेथे खॅक, आणि येथे अनिवासी.

म्हणून आपल्या संस्थेपुढे मी एक सूचना ठेवते. आपल्या विद्यार्थिनी वसतिगृहाच्या नियमांत अर्जदार मुलगी महाराष्ट्रातील शाळेतून उत्तीर्ण असावी, अशी अट आहे. ज्या काळी ती घातली गेली त्या काळी ती योग्यच होती. खेड्यांतून येणाऱ्या मुलींना प्रथम जागा मिळावी हा तिचा हेतू, आणि तो आजही मोडू नये. परंतु परदेशात नोकरीवर असलेल्या ज्ञातिबांधवांच्या मुलींसाठी निदान दोन जागा, पूर्ण शुल्क घेऊन, ठेवता येतील काय? शिष्यवृत्ती आम्ही मागत नाही. कॉलेजची वर्षे मराठी मुलींमध्ये, मराठी स्वयंपाकघराच्या वासात काढावयास मिळाली तर या मुलींना पुढे कोठे राहावयाचे हे त्या स्वतः ठरवू शकतील. आज त्यांच्यासाठी ते परवान्याची तारीख ठरविते.

सूचनेचा लेखी मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे. ज्यांची मुले किंवा जावई तिकडे जाण्याच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी आवश्यक कागदपत्रांची एक यादी करून आणली आहे. ती चहाच्या वेळी माझ्याकडून घ्यावी.