मोत्या आणि पालखी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात व्रतवैकल्यांवर, मुलांच्या अभ्यासावर पुष्कळ बोलणे होते. मी आज आमच्या मोत्याविषयी बोलणार आहे. हसू नका! ज्यांच्या घरी कुत्रा नाही, त्यांनी तर हे अधिकच ऐकावे.

मोत्या आमच्याकडे आला तो भेदरलेलाच. कुकरची शिट्टी झाली की स्वारी पलंगाखाली. "माणसांत नेल्याशिवाय भीती मोडायची नाही," असे घरातल्या मंडळींचे मत. मलाही ते पटले. म्हणून आषाढी करून श्रींची पालखी खामगावाहून शेगावी परतली, त्या दिवशी मी त्याला साखळी लावून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. टाळ-मृदंग, पताका, जयघोष, पायी आलेल्यांची ती अलोट गर्दी! आपल्याला भरून येते. पण आपल्याला पालखी दिसते, कुत्र्याला नुसते पाय दिसतात. आणि कान तर त्याचे आपल्याहून कितीतरी तिखट.

तो जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला. मला वाटले, झोप आली असेल, तहान लागली असेल. (या दोन्ही भीतीच्या खुणा असू शकतात, हे पुढे पशुवैद्यांनी सांगितले.) शेपूट पोटाशी गेलेले मी पाहिलेच नाही, डोळे पालखीकडे. शेजारची एक बाई म्हणालीही, "काऊन आणलं जी याले? थरथरून रायलं बिचारं." मी हसण्यावारी नेले. तेवढ्यात एका चिमुरडीने मागून येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मोत्या गर्रकन वळला. दात तिच्या परकराच्या काठात अडकले. काठ फाटला, एवढ्यावरच निभावले. तिची आई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

दात लागला असता तर? जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. मोत्याला दरवर्षी लस टोचतो, तरीही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही.

एक मैत्रीण म्हणाली, "नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, आणि तुम्ही त्याला घरात कोंडता?" अहो, त्यांनी त्याला तूप नेऊन दिले, दिंडीत नाही ओढले!

आता माघात प्रकटदिनाला, ऋषिपंचमीला आणि पालखीच्या दिवशी मोत्या मागच्या खोलीत असतो. खिडकी बंद, रेडिओ हळू लावलेला, जवळ कोणीतरी. सवय लावायची ती पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, थोडी थोडी. त्याने अंग आखडले की माघारी. जवळ कोणीतरी म्हणजे बहुधा मीच. पालखी जात असता आत बसून राहणे मला जड जाते, हे कबूल करते.

यंदा सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही जा, मी बसते." मी गेले, डोळे भरून दर्शन घेतले. परतले तो सूनबाई जमिनीवर आडवी, एक हात पलंगाखाली मोत्याच्या पंजावर. मी पालखीचे सांगू लागले, तर म्हणाली, "हळू बोला आई, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."