नाटकाच्या हिशेबात बाईचा रकाना

धान निघालं, चुरणं झालं, की आपल्या झाडीपट्टीत नाटकाचे दिवस येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत कुठे मंडई, कुठे शंकरपट आणि रात्री नाटक. २०२३ साली आपले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव देशभर गेलं. आज मला बोलायचं आहे ते तिच्या पैशाबद्दल.

खेड्यात कलेसाठी पैसा कुठून आणायचा, असं शहरात विचारतात. आपल्याकडे त्याचं उत्तर आधीपासून आहे. गावातलं मंडळ वडशाच्या नाटक कंपनीशी बोलणी करतं, मंडप घालतं, तिकीट विकतं. खर्च जाऊन काही उरलं, तर ते गावाच्या कामी येतं. अनुदानाची वाट न बघता गाव स्वतःच्या खिशातून रंगभूमी चालवतं. याचा आपल्याला अभिमान असावा.

पण तो खिसा कोणाचा? रोवणी आपण करतो, कापणी आपण करतो; तिकिटाचे पैसे मात्र घरात मागावे लागतात. तिकीट मिळालं तरी पुढे अडचण असतेच. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. तेवढ्या वेळात बाईने लघवीला कुठे जायचं? मंडपामागे तर अंधार. टोलीवरून आलेल्या बायांनी परत कसं जायचं? म्हणून कितीतरी जणी अंथरुणात पडून लाऊडस्पीकरवरचं नाटक ऐकतात. मंडळाच्या हिशेबात मंडप असतो, पत्रकं असतात, पाहुण्यांचे हारही असतात. बाईच्या सोयीचा रकाना तेवढा नसतो.

तो रकाना आपण भरू शकतो. एका गटात १२ जणी धरा. प्रत्येकीने महिन्याला १० रुपये दिले, तर वर्षाचे १,४४० रुपये होतात. गावात ८ गट असले, तर ११,५२० रुपये. मात्र एक सांगते, बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही. ती रक्कम कर्जवाटपासाठी आहे. ही वर्गणी वेगळी आणि ऐच्छिक ठेवा, ग्रामसंघात तिची वेगळी वही करा. जिला जमत नाही, तिच्यावर जबरदस्ती नको. नाटकाच्या रात्री चहा-भज्यांचं दुकान गटाने मागून घेतलं, तर त्या नफ्यातूनही भर पडेल.

पैसे हातात असले की मंडळासमोर मागणी मांडता येते. आडोसा आणि दिवा असलेली बायांची मुतारी, बसायला वेगळी जागा, टोलीच्या बायांना नेण्या-आणण्यासाठी एक गाडी, आणि मंडळात निदान दोन बाया. फुकट मागणाऱ्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर मिळतं. वाटा देणाऱ्याला हिशेब दाखवावा लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या मुलींची. गोड गळ्याची मुलगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाते आणि शाळा सुटली की तिचं गाणंही सुटतं. गावात तिला सरावाला जागा नसते, पेटी नसते, शिकवणारं कोणी नसतं. खरं तर दंडार आणि खडी गंमत केलेली म्हातारी माणसं अजून गावागावांत आहेत. समाजमंदिर दुपारी रिकामं असतं. आठवड्यातून दोन दुपारी ते मुलींना मिळावं आणि शिकवणाऱ्याला थोडं मानधन मिळावं, एवढंच मागायचं आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, असा कायदाच आहे. तिथे हा ठराव लिहून घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा, हा खर्च कोणत्या निधीतून बसतो. तोंडी बोललेलं विसरलं जातं, म्हणून इतिवृत्तात आलंच पाहिजे.

कोणी म्हणेल, आधी पोट, मग नाटक. पोटासाठी तर आपण वर्षभर चिखलात उभ्या असतो. त्या वर्षातली एक रात्र मंडपात ताठ बसून, मनासारखं हसून-रडून घालवायचा हक्क आपलाही आहे.

येत्या बैठकीत वसुली झाली की हा विषय काढा.