हेडसेट घालून कामाचं लक्षात राहतं का?

आज व्हीआरबद्दल बोलू, पण गेमिंग नाही, ऑफिसातलं. आमच्या टीममध्ये एक प्रस्ताव फिरतोय: नवीन इंजिनिअरांना ऑन-कॉलला बसवण्याआधी हेडसेटवर ट्रेनिंग द्यायचं. रात्री तीनला सर्व्हर पडला की शिकलेलं काही आठवत नाही, ही तक्रार. आणि ती खरी आहे.

अशा प्रस्तावांत मेरिलँड विद्यापीठाचा 2018 चा पेपर हमखास येतो, म्हणून तो वाचून काढला. 40 जणांना प्रसिद्ध लोकांचे चेहरे दाखवले, एका आभासी राजवाड्यात आणि एका जुन्या गावात ठिकठिकाणी लावलेले. एकदा स्क्रीनवर माऊसने बघायचं, एकदा हेडसेट घालून मान वळवत. मग चेहरे काढले आणि विचारलं, कुठे कोण होतं? हेडसेटवर अचूकता 8.8 टक्क्यांनी जास्त आली.

चांगलं आहे की! पण बघणं आणि आठवणं यात अंतर होतं 2 मिनिटांचं. आमच्याकडे ट्रेनिंगनंतर पहिला अलार्म कधीकधी तीन आठवड्यांनी वाजतो.

शिवाय इथे काम करते ती जागा. लाइट गेली तरी आजी मांडणीवरून जिऱ्याचा डबा बरोबर काढते, कारण डबा वर्षानुवर्षं तिथेच असतो. वॉलमार्टने 2018 मध्ये दुकानांतल्या ट्रेनिंगसाठी 17,000 हेडसेट जाहीर केले, ते मला पटतं. तिथे खरे रॅक आहेत, खरी गर्दी आहे. हेडसेटमध्ये पाहिलेलं उद्या समोर दिसतं.

आमची 'जागा' म्हणजे डॅशबोर्ड आणि लॉग. त्यात दर महिन्याला काहीतरी हलतं. एखादी सर्व्हिस आभासी खोलीच्या डाव्या कोपऱ्यात पक्की लक्षात ठेवली आणि ती मधल्या काळात दुसरीकडे गेली, तर माणूस झोपेतून उठून पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचा सर्व्हर रीस्टार्ट करणार. त्यापेक्षा काहीच न आठवणं बरं. निदान तो रनबुक तरी उघडेल.

म्हणून मीटिंगमध्ये मी म्हटलं, डेटा सेंटरमध्ये उभं राहून केबल बदलणाऱ्यांना हेडसेट जरूर द्या. आम्हाला दर पंधरा दिवसांनी टेस्ट सर्व्हर मुद्दाम पाडून द्या, आमच्याच लॅपटॉपवर. मॅनेजर म्हणाले, दोन्ही करून बघू. पहिला सर्व्हर येत्या गुरुवारी पडणार आहे.