लंकेला जावे, पण केव्हा?



हल्ली आपल्या खेड्यांतूनही माणसे दूरच्या यात्रेला निघतात. काशी-रामेश्वर झाले की कुणीतरी म्हणते, "आता लंका पाहू." चांगली गोष्ट आहे. पण पैसा घामाचा असतो. तो खर्चून तिकडे जायचे आणि खोलीत बसून पाऊस बघायचा, तर काय उपयोग? म्हणून आज आम्ही लंकेच्या पावसाविषयी बोलणार आहोत.

श्रीलंका हे बेट आहे. चहूकडे समुद्र आणि मध्ये डोंगर. त्यातले सर्वांत उंच शिखर २,५२४ मीटर आहे.

आपला सह्याद्री आठवा. महाबळेश्वरी धो धो पाऊस, आणि पुढे माणदेशात नुसते ढग पळतात. डोंगर पाऊस अडवतो. अलीकडे पाणी, पलीकडे कोरडे. लंकेतही असेच होते. फरक एवढाच, की तिथे पावसाचे वारे वर्षातून दोनदा आणि दोन दिशांनी येतात.

पहिला वारा नैऋत्येचा. हाच वारा आपल्याकडे मृगाचा पाऊस आणतो. लंकेत तो मे ते सप्टेंबर असतो. तेव्हा कोलंबो, गॉल, रत्नपुरा ही पश्चिमेची व दक्षिणेची बाजू भिजते. तिकडचा समुद्र खवळतो. पण त्याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमालीत ऊन असते. तिथे कोणेश्वर हे शंकराचे देऊळ आहे.

दुसरा वारा ईशान्येचा. तो डिसेंबर ते फेब्रुवारी वाहतो. आता पूर्व आणि उत्तर भिजते, आणि कोलंबोकडे उघडीप असते.

मग "लंकेत पाऊस कधी असतो?" एवढे विचारून भागेल का? नाही. "कोणत्या बाजूला कधी?" असे विचारायला हवे.

दोन वाऱ्यांच्या मधले दिवसही ध्यानात ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर गडगडाट होऊन सरी येतात. सकाळ बहुधा मोकळी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र जपून. तेव्हा बंगालच्या उपसागरात वादळे उठतात. २०२५ सालच्या नोव्हेंबरअखेर 'दितवा' नावाचे चक्रीवादळ लंकेवर आले. पूर आले, दरडी कोसळल्या, शेकडो माणसे गेली.

तिथले लोकही ऋतू पाहूनच यात्रा करतात. श्रीपाद नावाचा २,२४३ मीटर उंच डोंगर आहे. माथ्यावर पावलाचा ठसा आहे. बौद्ध म्हणतात, तो बुद्धाचा. हिंदू म्हणतात, शंकराचा. मुसलमान म्हणतात, बाबा आदमचा. पण चढतात सगळे एकाच डोंगरावर! ही यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होते आणि वैशाखी पौर्णिमेला संपते. पुढे पावसाळा लागतो. वाटेवरचे दिवे बंद होतात, चहाची दुकाने उठतात, माथ्यावर वारा आणि पाऊस झोडपतो. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाने हजारो पायऱ्या कशा चढाव्या?

आता आपला, शेतकऱ्याचा हिशेब करू. मे महिन्यात शेत रिकामे, मुलांना सुटी. तिकीटही कदाचित स्वस्त मिळेल. पण तेव्हाच तिकडे पश्चिमेला पाऊस सुरू होतो. ऑगस्टमध्ये त्रिंकोमाली चांगली, पण आपले पीक उभे असते. ते टाकून कसे जाणार? त्यापेक्षा रब्बीची काढणी उरकली, की मार्चमध्ये निघावे. ईशान्येचा पाऊस सरलेला असतो, नैऋत्येचा आलेला नसतो, श्रीपादाची यात्राही चालू असते. मात्र पासपोर्टची तयारी बरीच आधी करावी.

यात्रा नेणाऱ्याला पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा. कोणकोणत्या गावी नेणार? त्या महिन्यात तिथे कोणता वारा असतो? उत्तर नीट मिळाले नाही, तर पैसे कनवटीलाच राहू द्या.

वापसा आल्याशिवाय आपण पेरत नाही. मग वर्षाची शिल्लक तरी वेळ न बघता का खर्चावी?