दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून दाखव, मग शेवटचा हप्ता



आपले बरेच गट आता पापड, मसाले, गोधड्या ऑनलाइन विकायला लागले आहेत. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतं, कुणी स्वतःची वेबसाइट करून घेतं. करून घेताना आपण दोन गोष्टी विचारतो, पैसे किती आणि कधी होईल. आज मी तिसरा प्रश्न सांगणार आहे. करून देणारा उद्या गावात नसला, तर दुसऱ्या कुणाला हे काम पुढे नेता येईल का?

आपल्या प्रभागसंघातल्या एका गटाला हा प्रश्न ऐन दिवाळीत पडला. वेबसाइट तालुक्यातल्या एका मुलाने केली होती, त्याला पुण्यात नोकरी लागली. डाळ-तेल महागलं म्हणून गटाला फराळाचे भाव बदलायचे होते. वेबसाइट चालू होती, पण जुन्याच भावाने ऑर्डरी येत होत्या. प्रत्येक डब्यामागे तोटा! गटातल्या एका ताईंची मुलगी कॉम्प्युटर शिकते. तिने पेनड्राइव्हवरचा कोड आपल्या लॅपटॉपवर घेतला, चालू करायला गेली, तर पडद्यावर नुसत्या चुकांच्या ओळी. मुलगा फोनवर म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय." दोघंही खरंच सांगत होते.

असं कसं होतं? चकलीची भाजणी डोळ्यांपुढे आणा. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे वेगवेगळे भाजतो, एकत्र करतो आणि गिरणीतून दळून आणतो. गिऱ्हाइकाच्या हातात पडते ती तयार चकली. वेबसाइटचंही तसंच आहे. करणारा थोडा कोड स्वतः लिहितो, बाकी तयार भाग इंटरनेटवरून घेतो. हे सगळं एकत्र करून मोबाइलला समजेल असं पीठ दळून देणारी गिरणी म्हणजे बिल्ड टूल. वेबपॅक, व्हीट ही त्यांची नावं. आणि ही गिरणी चालवणारी मोटर म्हणजे नोड जेएस.

इथे मोटर बदलली होती. मुलाकडे नोडची १६ नंबरची आवृत्ती होती. मुलीने साइटवर दिसली ती सगळ्यात नवी घेतली. गिरणी होती जुनी, वेबपॅक ४. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ पासून आतली सुरक्षेची व्यवस्था बदलली आणि वेबपॅक ४ जी जुनी पद्धत मागतं ती नव्या व्यवस्थेने नाकारली. पडद्यावर 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड' असं येतं ते यामुळेच. मुलीने नोड १६ टाकलं आणि संध्याकाळपर्यंत नवे भाव वेबसाइटवर चढले. पण हा तात्पुरता इलाज. नोड १६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालं. म्हणून दिवाळीनंतर तिने गिरणीच बदलली, वेबपॅक ५ घेतलं.

म्हणून मैत्रिणींनो, काम देतानाच चार गोष्टी कागदावर लिहून घ्या.

पहिली, मोटरचा नंबर. नोडची कुठली आवृत्ती लागते ते कोडसोबत लिहिलेलं हवं. 'एनव्हीएम' नावाचं साधन घेतलं तर एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन आवृत्त्या ठेवता येतात.

दुसरी, मापाची चिठ्ठी. 'पॅकेज डॉट जेसन' ही सामानाची यादी असते, पण त्यात बहुतेक वेळा "ही किंवा हिच्या पुढची आवृत्ती चालेल" अशी मोकळीक असते. नेमकं काय वापरलं हे 'पॅकेज लॉक डॉट जेसन' या फाइलीत असतं. ती फाइल हवीच. 'एनपीएम सीआय' अशी आज्ञा दिली की त्या चिठ्ठीप्रमाणेच सामान येतं. 'नोड मॉड्यूल्स' हे भलंमोठं फोल्डर मात्र पेनड्राइव्हवर घेऊ नका. त्यातले काही भाग त्याच्या कॉम्प्युटरपुरतेच बनलेले असतात.

तिसरी, फाइलींची नावं. विंडोजला इंग्रजीतलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच वाटतं. वेबसाइट ठेवतात ते सर्व्हर बहुतेक लिनक्सचे, त्यांना ती दोन वेगळी नावं वाटतात. लॅपटॉपवर दिसणारा पापडाचा फोटो वेबसाइटवर गायब होतो तो अनेकदा याच कारणाने. सगळी नावं स्मॉल अक्षरांत ठेवायला सांगा.

चौथी, किल्ल्या. पेमेंटच्या किल्ल्या आणि पासवर्ड 'डॉट ईएनव्ही' या वेगळ्या फाइलीत ठेवतात. ती कुणालाही पाठवायची नसते. पण कुठल्या किल्ल्या लागतात याची यादी गटाकडे हवी. वेबसाइटचं नाव आणि सर्व्हरचं खातं गटाच्या ईमेलवर घ्या, करणाऱ्याच्या नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे आम्हाला कसं तपासता येणार? त्याला कोड वाचता यायला नको. शेवटचा हप्ता राखून ठेवा. शाळेतला, ग्रामपंचायतीतला, कुणाचाही दुसरा कॉम्प्युटर घ्या. करणाऱ्याला म्हणा, "तू हात लावू नकोस. तू लिहून दिलेलं वाचून आमची मुलगी चालवेल." तिला एका पदार्थाचा भाव बदलून तो वेबसाइटवर दिसेपर्यंत सगळं करू द्या. जिथे ती अडेल, तिथे सूचनेत एक ओळ कमी आहे. ती त्याच्याकडून तिथेच लिहून घ्या. चांगलं काम करणाऱ्याला याचा राग येत नाही. त्याचाही पुढचा फोन वाचतो.

आपण कर्जाची वही एकीच्याच घरी ठेवत नाही, हिशोब सगळ्यांना वाचता येईल असा लिहितो. वेबसाइटही गटाचीच मालमत्ता आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव इतिवृत्तात नोंदवा.