एसी बंद पडला म्हणजे बिघडलाच असं नाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या व्याख्यानमालेतील हे भाषण. वक्ते आपलेच सभासद असून गेली अनेक वर्षे फ्रीज-एसी दुरुस्तीच्या व्यवसायात आहेत. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मी काही व्याख्याता नाही. माझ्या हातात माईकपेक्षा पाना बरा दिसतो. पण सचिव साहेब म्हणाले, "भाऊ, उन्हाळा आला की जो तो तुम्हाला जिन्यात अडवून एकच गोष्ट विचारतो. त्यापेक्षा एकदा गच्चीवर सगळ्यांना मिळून सांगून टाका." म्हणून उभा आहे.

१ मे १९९९ ला आपला गोंदिया जिल्हा झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आपली ही इमारत उभी राहिली. जुन्या सभासदांना आठवत असेल, तेव्हा प्रत्येक खिडकीला कूलर होता. मे महिन्यात खसचा वास जिन्यापर्यंत यायचा. एसी असला तर एखाद्या डॉक्टरांकडे किंवा राइस मिलवाल्यांकडे. आज मोजले तर घरटी एक, काही ठिकाणी तीन. चांगलं आहे. ४५ अंशांच्या उन्हात माणसाला झोप लागली पाहिजे. पण यंत्र बदललं, आपली समजूत मात्र कूलरचीच राहिली. कूलर बंद पडला की आपण बघतो पंपात कचरा अडकला का, आणि लावतो पुन्हा. एसी बंद पडला की तसंच करतो. तिथं चूक होते.

आधी दोन मिनिटांत एसी काय करतो ते सांगतो. एसी थंड हवा तयार करत नाही. तो घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. त्याच्यातला गॅस म्हणजे स्टेशनवरचा हमाल समजा. आतल्या कॉइलमध्ये उष्णतेचं गाठोडं डोक्यावर घ्यायचं, बाहेरच्या कॉइलमध्ये उतरवायचं, रिकामं परत यायचं. हमालाला चालवणारा तो कॉम्प्रेसर. आता विचार करा, गाठोडी नेऊन हमाल कमी होतो का? नाही होत. म्हणून "दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे खोटं आहे. गॅस कमी झाला तर कुठं तरी गळतीच आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

आता बाहेर ४५ अंश असताना तिथंच उष्णता टाकायची, तर बाहेरचं कॉइल हवेहून जास्त गरम पाहिजे. साधारण ६० अंशांच्या घरात. त्या वेळी आजच्या गॅसचा नळीतला दाब मोटारच्या टायरमधल्या दाबाच्या पंधरा पटींहून जास्त असतो. एवढा दाब, एवढी उष्णता आणि वीज, तिन्ही एका पत्र्याच्या डब्यात. म्हणून कंपन्या त्यात राखणदार बसवतात. कॉम्प्रेसरला ओव्हरलोड असतो. दोन धातूंची एक चकती, जास्त तापली की वाकते आणि वीज तोडते. काही मशीनमध्ये दाबाचा स्विच असतो. कॉइलवर सेन्सर असतात. आणि तुमच्या बोर्डावर एमसीबी. हे सगळे एकच काम करतात, गडबड वाटली की थांबवतात. म्हणजे एसी स्वतःहून थांबला, तर बहुतेक वेळा राखणदारानं आपलं काम केलेलं असतं. चोर कुठून आला ते शोधायचं असतं. आपण राखणदारालाच हाकलतो.

हे मी दुसऱ्याला नाव ठेवायला सांगत नाही. मी स्वतः हे केलेलं आहे. आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

धंद्याची सुरुवात होती. नवतपा चालू होता. एका घरून निरोप आला की एसी अर्ध्या-अर्ध्या तासानं बंद पडतो. घरात आजोबा, अंग लुळं पडलेले, खाटेवरून उठता येत नव्हतं. घरचे हातघाईवर आले होते. "काही करा, पण आज चालू करा." मी गेलो, ओव्हरलोड पडतोय हे लगेच कळलं. का पडतोय हे मी पाहिलं नाही. बाहेरचं युनिट मागच्या गॅलरीत होतं, आणि ऊन लागू नये म्हणून त्यांनी गॅलरीला तिन्ही बाजूंनी हिरवी जाळी बांधली होती. गरम हवा जायला जागाच नव्हती. माझ्या डोळ्यासमोर होतं, पण पुढं आणखी चार घरं होती. मी ओव्हरलोड डायरेक्ट केला. म्हटलं, "झालं काकाजी, आता बंद पडणार नाही."

खरंच पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्रेसरचं टर्मिनल जळून उडालं, गरम तेलाची फवार बाहेर आली आणि त्या जाळीनं पेट घेतला. सुनेनं मेन स्विच पाडला, आणि तिनं आणि शेजारच्या मुलानं आजोबांना खाटेसकट पुढच्या खोलीत ओढलं. कोणाला इजा झाली नाही. खिडकीची चौकट मात्र जळाली. घरच्यांना वाटलं, मशीन जुनं होतं. नवा कॉम्प्रेसर बसवायला त्यांनी मलाच बोलावलं. मी मजुरी घेतली नाही. ते म्हणाले, किती भला माणूस आहे. मी गप्प बसलो. आजोबा पुढं आपल्या वयानं गेले, पण खरं सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. तेव्हापासून मी एकही राखणदार डायरेक्ट केलेला नाही, आणि कोणी सांगितलं तर त्या घरून परत आलो आहे.

म्हणून आता कामाचं सांगतो. एसी थांबला तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी चार गोष्टी बघा. कधी थांबला, किती वेळानं थांबला, आत काय चालू आहे, बाहेर काय चालू आहे. एवढं फोनवर सांगितलंत तर अर्धं निदान झालं.

पहिला प्रकार, एमसीबी पडतो. लावता क्षणीच पडत असेल तर कुठं तरी शॉर्ट आहे. उंदरानं वायर कुरतडली, मोटर जळाली, पाणी शिरलं. पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. वीस मिनिटांनी, तासानं पडत असेल तर भार जास्त आहे किंवा जोड ढिला आहे. प्लग काढून बघा. पिन काळी पडली, सॉकेट पिवळं झालं, हाताला चटका बसतो, तर दोष तिथंच आहे. आणि ईएलसीबी पडत असेल तर वीज कुठं तरी पत्र्यात किंवा जमिनीत उतरते आहे. तो काढून टाकणं म्हणजे माणसाच्या अंगाशी खेळ आहे.

दुसरा प्रकार, आतला पंखा चालू, पण थंडी नाही आणि बाहेरचं युनिट गप्प. लाइट जाऊन आली असेल तर तीन-चार मिनिटं थांबा. थांबल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो, म्हणून मशीन मुद्दाम वाट बघतं. तेवढ्यात दहा वेळा रिमोट दाबू नका. थांबूनही बाहेरून नुसतं "हूं" येतं आणि "टक्" करून बंद होतं, तर जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो. स्वस्तातली वस्तू आहे, पण स्वतः हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

तिसरा प्रकार आपल्या गोंदियाचा खास. सकाळी छान चालतो, दुपारी बारा ते पाच बंद पडतो, रात्री पुन्हा चालतो. यात दहापैकी आठ वेळा मशीन चांगलं असतं. बाहेरच्या कॉइलवर धूळ आणि धानाच्या भुशाची राख बसून गोधडी झालेली असते. किंवा समोर हिरवी जाळी, खसची ताटी, जुनी गादी, सायकल. सावली द्यायची तर वरून छपरी द्या, पण समोरची आणि मागची हवा मोकळी ठेवा. किंवा दोन युनिट समोरासमोर असतात, एकाची गरम हवा दुसरा ओढतो. तिसरं कारण व्होल्टेज. व्होल्टेज उतरलं की कॉम्प्रेसर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो आणि तापतो. ओव्हरलोड एकदा पडला की थंड व्हायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. वर पाणी ओतून घाई करू नका. इन्व्हर्टर एसी असेल तर तो अशा वेळी बंद न पडता वेग कमी करतो. दुपारी २ वाजता थंडी थोडी कमी वाटली तर तो बिघाड नाही, शहाणपणा आहे.

चौथा प्रकार, आत बर्फ धरतो. लोकांना वाटतं थंडी जास्त झाली. उलट आहे. फिल्टर चोंदला किंवा गॅस कमी झाला की बर्फ धरतो. सुरीनं खरवडू नका, नळीला भोक पडेल. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालवा, फिल्टर धुवा. पुन्हा धरला तर मेकॅनिक. उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा, एवढं एक व्रत घरातल्या कोणीही घ्यावं.

भिंतीवरून पाणी गळतं ते बहुधा निचऱ्याची नळी चोंदल्यामुळे. आणि एक विनंती, एकाच खोलीत कूलर आणि एसी मिळून लावू नका. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसीची अर्धी ताकद तेच पाणी काढण्यात जाते.

पाचवा, लाइट लुकलुकते किंवा काही अक्षर-आकडा दाखवते. तो कोड लिहून ठेवा, फोटो काढा. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा, म्हणून पुस्तिका फेकू नका. कितीदा तर कोडचं कारण सेन्सरची सैल पिन निघते, किंवा बाहेरच्या सर्किटवर चिकटून मेलेली पाल.

मेकॅनिक आल्यावर त्याला तीन गोष्टी विचारा, तो रागावला तरी चालेल. गळती कुठं सापडली? गॅस वजन करून भरणार का? मशीनच्या पाटीवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. आणि गळती तपासायला नायट्रोजनच आणला आहे ना? ऑक्सिजनचं सिलिंडर दिसलं तर त्याला हात जोडून परत पाठवा. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. नव्या मशीनमधला आर-३२ गॅस थोडाफार पेट घेणारा आहे, आर-२९० तर चांगलाच. तिथं कामाच्या वेळी खिडक्या उघड्या पाहिजेत आणि बिडी-सिगारेट बंद पाहिजे.

आता शेवटचं, आणि हे आपल्या सगळ्यांचं आहे. घरातला कूलर साधारण २०० वॅट खातो. दीड टनाचा एसी पूर्ण भारावर १५०० वॅटच्या आसपास. म्हणजे एक एसी म्हणजे सात-आठ कूलर. आपल्या इमारतीची वायर पडली ती कूलरच्या हिशोबानं. पंचवीस वर्षांत आपण एसी वाढवले, वायर तीच आहे. मागच्या उन्हाळ्यात मी आपल्याच दोन घरी पाहिलं, २० अँपिअरचा एमसीबी पडतो म्हणून ३२ चा बसवून घेतला होता. वायर होती अडीच एमएमची. एमसीबी आता पडत नाही, बरोबर आहे. आता वायर तापते. ती भिंतीच्या आत आहे, म्हणून दिसत नाही. मी त्या वेळी बोललो, दोघांनीही लगेच बदलून घेतलं, म्हणून नावं घेत नाही. पण आणखी किती घरी असेल, मला माहीत नाही.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. रौप्यमहोत्सवाच्या जेवणाचा, रोषणाईचा खर्च आपण करतोच आहोत. त्यासोबत परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मीटर रूमपासून प्रत्येक फ्लॅटपर्यंत वायर, जोड आणि अर्थिंग एकदा तपासून घ्या. प्रत्येकानं आपल्या वीजबिलावरचा मंजूर भार आणि घरातला खरा भार ताडून पाहावा, कमी असेल तर वाढवून घ्यावा. एसीसाठी वेगळी लाइन आणि ४ एमएमची वायर घ्यावी. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात, तिथंच राहू द्या. १८ वर नेल्यानं खोली लवकर थंड होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ धावतं. आणि फ्लॅट तपासायला माझी मजुरी लागणार नाही. रविवारी सकाळी मी घरीच असतो. ते जुनं देणं आहे, ते मला असं फेडू द्या.

आपल्या इमारतीत आज बरीच मंडळी सत्तरीच्या पुढची आहेत. काही घरांत दुपारी ती एकटीच असतात. त्यांच्या खोलीतला एसी बंद पडला, तर मुलांनो, आधी त्यांना दुसऱ्या खोलीत न्या, पंखा लावा, पाणी द्या. मग एसी का थांबला ते शोधा. पण राखणदाराला हाकलून तो चालू करू नका.