आधी पन्नास सह्या आणा



बक्षिसं वाटून झाली, नाच अजून व्हायचेत. मधल्या वेळात पाहुण्याचं भाषण असतं. म्हणून एकाच शब्दावर बोलतो : सार्वजनिक.

नळावर, शौचालयावर, मोडक्या बाकावर तो लिहिलेला असतो आणि आपण त्याचा अर्थ ‘कुणाचंच नाही’ असा लावतो. याच पुण्यात तो एका माणसाच्या नावाला मानाने चिकटला होता. गणेश वासुदेव जोशी, पेशाने वकील. सगळं गाव त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणे.

पर्वतीवरच्या मंदिरांची व्यवस्था पाहणाऱ्या पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या. त्यातून लोक एकत्र आले आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचा एक नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं, तर किमान पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. तेव्हा कायदेमंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. सरकारने विचारलं असतं, ‘तुम्ही कोण आमच्याशी बोलणारे?’ तर उत्तर सह्यांनिशी तयार! ‘जनतेच्या वतीने’ म्हणण्याआधी जनतेच्या दारात जायचं. हल्ली आपण थेट माइकपाशी जातो.

१८७६ साली दुष्काळ पडला, तेव्हा सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. पुढच्याच वर्षी दिल्ली दरबाराला काका गेले ते खादीच्या साध्या वेषात. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. आणि १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र काकांनी घेतलं. सरकारदरबारी निवेदनं देणाऱ्या माणसाने हे करणं सोपं नव्हतं. माझ्या मते ‘सार्वजनिक’ या बिरुदाची खरी परीक्षा तिथे झाली. वर्षभरात, १८८० साली, काका गेले.

नागरिकशास्त्राच्या पेपरात यावर प्रश्न येईलच असं नाही. पण पुढच्या वर्षी वर्गप्रतिनिधी निवडाल, तेव्हा उमेदवाराला भाषण करायला लावू नका. शेवटच्या बाकावरच्यांच्या अडचणी काय आहेत, एवढंच त्याला विचारा. सांगता आल्या नाहीत, तर त्याला आधी त्या बाकापर्यंत जाऊन यायला सांगा.